लिंबाखालच्या जागेची हरकत

वाडी, दि. ८ ऑक्टोबर

चि. शिवशंकर,

तुझ्या थोरल्या भावाचे, नागप्पाचे, तुला आणि घरातल्या लहानथोरांना आशीर्वाद.

आधी तब्येती सांग. तुझं पित्त कसं आहे? उपाशीपोटी चहा पितोस का अजून? राजकन्याच्या गुडघ्याला त्या नांदेडच्या वैद्याचं तेल लागू पडलं का, का नुसताच वास? सत्यमचे टॉन्सिल काढणार होते असं मुखेडच्या पाहुण्यांकडून उडत उडत कळलं होतं. काढले का? लेकराचं वजन भरलं का? तुझी सासू पायऱ्या चढते का आता? एकेकाचं एकेका ओळीत लिही, सगळ्यांचं मिळून "बरे आहेत" असं लिहू नको. त्यात काही कळत नाही.

इकडे आम्ही ठीक. सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगा काळ्या पडल्या, पण चालायचंच. तुझी वहिनी बरी आहे. जरा जेवण कमी झालंय इतकंच.

फोन करून पाहिला. तू उचलत नाहीस. एकदा सत्यमनं उचलला आणि "राँग नंबर" म्हणून ठेवला. आवाज मात्र हुबेहूब तुझ्यासारखा फुटलाय त्याचा, मला बरंच वाटलं. म्हणून आता पत्र. पत्राला राँग नंबर म्हणता येत नाही.

कामाचं लिहितो. आपली वाडी शहराच्या हद्दीत गेली हे तुला माहीत असेल. आता शहराचा नवा विकास आराखडा निघालाय. कुठं घरं, कुठं बाजार, कुठं रस्ता, सगळं रंगवून नकाशा लावलाय. त्यात आपली लिंबाखालची जागा ट्रक तळासाठी राखून ठेवली आहे. सातबारावर ती लागवडीबाहेरची, पोटखराब आहे, तुझ्या माझ्या नावावर. आजोबानं ती तोंडी वाडीला दिली, कागद कुणी केला नाही, कारण त्या कामाला कागद लागतो असं तेव्हा कुणाला वाटलंच नाही. तिथं आपली आई आहे. आजा, आजी, आपल्या चार घरांतली सगळी माणसं आहेत. आणि लेकरं तर साऱ्या वाडीची आहेत, कुठल्याही जातीची. लहान लेकरू गेलं की सगळे आपल्याच लिंबाखाली आणतात. तुला वेगळं सांगायला नको.

सरकारी लोकांची यात चूक नाही. चूक आपलीच. आणि अशी चूक की दुसरीकडं कुठं सांगितली तर लोक हसतील.

गेल्या येळवशीला, अवसेच्या दुपारी, आराखड्याचे पाहणीवाले आले. वाडीत घरोघरी कुलुपं, सगळे रानात. मग ते रानात आले. त्यांच्यात बुद्धप्रिया नावाची मुलगी होती, हातात ते काचेचं यंत्र, कोणत्या जागेवर काय आहे ते त्यात भरत चालली होती. तुझ्या वहिनीनं त्यांना हात धरून कडब्याच्या कोपीत बसवलं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. पोरगी दोन वाट्या आंबील प्यायली. मग लिंबाकडं बोट करून विचारलं, "आजोबा, तिथं काय आहे?"

आता तूच सांग शिवा. येळवस म्हणजे काळ्या आईच्या ओटीभरणीचा दिवस. पाच पांडवांच्या दगडांना चुना लावलेला, पिकात आंबील शिंपडलेली. त्या दिवशी रानात मसणाचं नाव काढतात का? आईनं आपल्याला असल्या दिवशी "मेलं" हा शब्दसुद्धा कधी बोलू दिला नाही. कोपीत दहा-पंधरा माणसं होती, सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "काही न्हाई बाई, मोकळीच हाय." आपला वाडीतला व्यंकटी माझ्या बाजूला होता, तोही "हाव, मोकळीच" म्हणाला. त्याचा पहिला मुलगा त्या लिंबाखाली आहे. आपल्यात पुरल्यावर ओटे बांधायची रीत नाही, एक दगड ठेवायचा. पावसाळ्यात गवत एवढं वाढतं की वरून फोटो काढला तर कुरण दिसावं. तिनं "मोकळी" भरलं.

आता हरकती मागवल्यात, या महिनाअखेरपर्यंत. मी अर्ज लिहिलाय. पण जागा दोघांच्या नावावर, तर तुझीही सही हवी. सोबत कागद जोडलाय, फुली केली आहे तिथं सही कर आणि पाठव. स्वतः आणून दिलास तर वहिनी धपाटे करील.

तुझा,
नागप्पा


वाडी, दि. ३० ऑक्टोबर

चि. शिवा,

दिवाळी झाली. तुझ्या पत्राची वाट पाहिली. पोस्टमन म्हणतो, "आण्णा, तुमी रोज पुसताव, आता मलाच एक लिवावं लागतंय तुमाला." भला माणूस आहे.

तुझ्या सहीविनाच हरकत दाखल केली. मुदत उद्या संपते, म्हणून कालच मी आणि व्यंकटी शहरात गेलो. नकाशा भिंतीवर लावलेला, त्यापुढं ही गर्दी. कुणाच्या घरातून रस्ता, कुणाच्या दुकानावर बाग. एक म्हातारी आपलं घर शोधत होती, तिला कुणी दाखवेना, मग मीच दाखवलं. तिचं राहिलं होतं. ती माझ्या पाया पडायला लागली, जणू मीच राखलं.

आपला लिंब नकाशात नाही. त्या जागी करडा रंग आणि एक आकडा. व्यंकटी जवळ जाऊन बघत राहिला, मग म्हणाला, "आण्णा, एवढ्या मोठ्या नकाशात आपली वाडी हरभऱ्याच्या फोलाएवढी, आन् त्यात बी नेमकी हीच जागा घावली का यांना?" तिथल्या बाबूनं समजावून सांगितलं. हमरस्ता जवळ, जागा मोकळी, घरं पाडावी लागत नाहीत, म्हणून निवडली. त्याच्या जागी मी असतो तर मीही हीच निवडली असती. हेच जास्त लागलं बघ. पुढच्या अंदाजपत्रकात सपाटीकरणाला आणि भिंतीला तरतूदही धरली म्हणे. सपाटीकरण म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

बुद्धप्रियाला आधीच शोधून काढलं होतं. ती आता दुसऱ्या गावच्या पाहणीवर आहे. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि मग रागावली. "आजोबा, तुमच्या घरची आंबील प्यायले मी. मला बाजूला घेऊन कानात सांगायचं होतं!"

व्यंकटीनं माझ्या हातून फोन घेतला. "पोरी, बाळंतिणीच्या खोलीत बसून मसणाच्या गोष्टी करतंय का कुणी?"

 ती म्हणाली, "आमच्याकडं सगळंच बोलतात काका." पण पोरगी मनाची मोठी. त्या दिवशी लोकांनी का सांगितलं नाही, ते तिनं लेखी लिहून दिलं. आपल्या नोकरीला बट्टा लागेल याचीही पर्वा केली नाही. सुनावणीची तारीख लागली आहे, १८ नोव्हेंबर. वाडीतली बारा घरं सह्या करायला तयार आहेत. फक्त तू राहिलास.

शिवा, मला माहीत आहे तू का येत नाहीस. सत्यम पाचवीत होता त्या येळवशीला वहिनीनं तुझ्या लेकीच्या, सृष्टीच्या, नावानं पान वाढलं, ते तुला सहन झालं नाही. "मेलेल्याला वाढता आन् जित्याला टोचता" म्हणून तू पानावरून उठलास. राजकन्या तशीच उष्ट्या हातानं तुझ्यामागं पळाली. तू तुझ्या जागी बरोबर असशील. बापाचं काळीज ते. पण वहिनीचंही बघ. तुम्ही दोघं शाळेवर, नोकरीवर जायचात, तेव्हा ते लेकरू दिवसभर हिच्याच पदराला होतं. ती अजून दर सोमवारी जाऊन लेकराच्या दगडाभोवतीचं गवत काढते. म्हणजे काढायची. आता तिला तेवढं चालवत नाही, मी जातो.

तिला लातूरला दवाखान्यात नेऊन आणलं. काळजीचं काही नाही. पोटाचं आहे.

सुनावणीला ये. बोलू नकोस, नुसता शेजारी बस. वहिनीला आणि मला तेवढं पुरे.

तुझा,
नागप्पा


वाडी, दि. २० नोव्हेंबर

शिवशंकर,

परवा सुनावणी झाली. काय लिहू.

साहेब वाईट नव्हते. मोठ्या टेबलामागं सात जण बसले होते. आमचा नंबर दुपारी आला. बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मुख्य साहेबांनी माझा अर्ज पूर्ण वाचला. "नागप्पा काका, तिथं दफन होतं याचा काही पुरावा?"

मी म्हणालो, "पुरावा खालीच हाय साहेब."

 कुणीतरी खोकलं. व्यंकटी म्हणाला, "साहेब, माझा तीन महिन्यांचा पोरगा हाय तितं. त्याला काय पुरावा आणावं मी?" त्यांनी बुद्धप्रियाचं लिहिलेलं वाचलं, एकमेकांत बोलले. एक मॅडम होत्या, त्यांचं माहेर चाकुरातलं. त्यांनी बाकीच्यांना येळवस समजावून सांगितली, कोपी, आंबील, सगळं. मला वाटलं, सुटली आपली जागा. खरंच वाटलं. व्यंकटीनं टेबलाखाली माझा हात दाबला.

मग एका कारकुनानं फायलीतून अजून एक कागद काढून साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी वाचला, मग माझ्याकडं बघितलं. "काका, शिवशंकर तुमचे कोण?"

"धाकटा भाऊ. का हो साहेब?"

त्यांनी वाचून दाखवलं. सदर जागा मोकळी असून तेथे कोणाचेही दफन झालेले नाही. मी सहधारक असून सदर आरक्षणास माझे पूर्ण समर्थन आहे. खाली तुझी सही. मी पुढं होऊन बघितली. तुझीच होती. "श"चं पोट तू लहानपणापासून असंच काढतोस.

"सख्खा भाऊच म्हणतोय, तिथं कुणी नाही. आम्ही काय लिहायचं?" साहेब म्हणाले. रागानं नाही. त्यांना खरंच अडचण झाली होती.

मी काय बोललो ते मला आठवत नाही. व्यंकटी सांगतो, मी "बरं साहेब" म्हणालो आणि उठलो. असं कसं "बरं" म्हणालो मी?

बाहेर व्यंकटीनं चहा पाजला. हा माणूस लग्नात आणि मयतीत सारखाच बडबडतो, पण परवा एसटीत नुसता तिकिटाच्या घड्या घालत बसला. वाडीच्या फाट्यावर उतरल्यावर म्हणाला, "ट्रक तळ झाला की शेजारच्या त्याच्या रानाचं सोनं होतंय. ते धरून लिवलं असंल त्यानं." मी त्याच्यावर ओरडलो. माझा शिवा पैशाला भुललेला नाही, म्हणालो. व्यंकटी म्हणाला, "मग कशाला भुललाय?"  याचं उत्तर तुझ्याकडं आहे का?

मला एकच सुचतं. आम्ही त्या दिवशी कोपीत "मोकळी" म्हणालो ते तोंडानं, काळजात ती जागा भरलेलीच होती. तू मात्र काळजातूनच ती मोकळी करू बघतोस. तुला वाटत असेल, वर डांबर पडलं, ट्रक लागले, की तिथं कधी काही नव्हतंच असं होईल. होत नाही रे तसं. नांदेडात राहून झालं का? दोनशे गाड्या डोक्यावरून गेल्या तरी लेकरू तिथंच राहणार, फक्त आपल्याला तिच्याजवळ बसता येणार नाही.

मॅडम दारापर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, भावानं निवेदन मागं घेतल्याचं प्रतिज्ञापत्र आणा, दोघांच्या सहीनं, जागा दफनभूमी म्हणून दाखवायला हरकत नाही असं. आमचा अहवाल डिसेंबरअखेर वर जाईल. एकदा गेला की आमच्या हातात काही नाही.

तुला रागावलो नाही. रागवायचं असतं तर हे पत्र व्यंकटीकडून लिहवून घेतलं असतं, त्याच्या शिव्या चांगल्या आहेत. मी हात जोडतो. थोरल्यानं धाकट्यापुढं जोडू नयेत, तरी जोडतो.

नागप्पा


वाडी, दि. ६ डिसेंबर

चि. शिवा,

तुझं पित्त, राजकन्याचा गुडघा, सत्यमचा घसा, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. आज पुढचं लिहितो, कारण मागं लिहिलं ते खरं नव्हतं.

वहिनीला पोटात गाठ आहे. लातूरच्या डॉक्टरांनी दिवाळीआधीच सांगितलं होतं, घरी न्या, खायला मागतील ते द्या. ती काही मागत नाही. पाणीसुद्धा चमच्यानं. तुला आधी लिहिलं असतं तर तू दुखण्यासाठी आलास की जागेसाठी, हे मला कळलं नसतं. आता मला ते कळायची गरज राहिली नाही. कशासाठीही ये.

सुनावणीत काय झालं ते तिला मी सांगितलं नव्हतं. वाडीत कुठं काय लपतं? बायका भेटायला येतात, त्यांच्यातल्या कुणीतरी पचकलं. मी रानातून आलो तर ही भिंतीला टेकून बसलेली.

"अवं, लिंबाखाली गाड्या लावणार हायत म्हणं?"

"कोण म्हणतंय?"

"कुनीबी म्हनू द्या. मला खरं सांगा."

मी पाण्याचा तांब्या घेऊन आलो. मग तीच म्हणाली, "मला जागा नसंल तर नसू द्या. मी मोठी बाई, मला कुटंबी ठेवा. न्हाई तर जाळा, आजकाल आपल्यात बी कुनी कुनी जाळतेत. पर ते लेकरू? त्याच्यावर गाड्याचं वजन? मी तिला सांगून ठिवलंय, मी येते म्हनून."

शिवा, मी साठ-सत्तर वर्षांत बरंच ऐकलं. हे ऐकून मी उठून गोठ्यात गेलो आणि म्हशीच्या पाठीवर डोकं ठेवून उभा राहिलो. रडायला घरात दुसरी जागा नव्हती.

परत आलो तो तोंडातून निघून गेलं, "शिवाचं पत्र आलंय." माझ्या खिशात आराखड्याची ती छापील नोटीस होती, हरकती मागवण्याची, घडी घालून घालून चिंध्या झालेली. तीच उघडली आणि वाचायला लागलो. तुला माहीत आहे, तिला अक्षर येत नाही. मी वाचलं, "वैनी, तुमी काळजी करू नका. मी साहेबाला कागद लिहून दिला. लिंबाखालची जागा कुणी घेत नाही. येळवशीला मी येतो. सृष्टीचं पान तुमी वाढा, मी तिच्याजवळ बसून जेवतो."

ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येत नाही. त्या दिवशी तिनं अर्धी वाटी पेज घेतली.

आता रोज सकाळी म्हणते, शिवाचं पत्र वाचा. रोज वाचतो. आणि शिवा, मला आदल्या दिवशी काय वाचलं ते आठवत नाही, तिला शब्द न् शब्द पाठ आहे. परवा मी चुकून "आम्ही येतो" वाचलं. लगेच म्हणाली, "काल तर येकटाच येत हुता, आज राजकन्या बी निगाली का?" मी म्हणालो, खाली बारीक अक्षरात लिहिलंय, काल दिसलं नाही. तेव्हापासून तुम्ही तिघं येणार असं ठरलंय. सत्यमसाठी खीर करायला शेजारच्या बाईला गहू भिजवून कांडायला सांगितलाय. त्याला पाचवीत पाहिलं होतं, आता केवढा झाला असेल ते हातानं हवेत दाखवते आणि हात खाली पडतो.

पत्र आता तिच्या उशाशी असतं. काल मी बाहेरून आलो तर कागद उघडून त्यावर बोट फिरवत होती. ट्रक तळाच्या ओळीवरून, आयुक्तांच्या शिक्क्यावरून. मला म्हणाली, "शिवाचं अक्षर लई सुदारलं वो. सगळं कसं येकासारकं येक."

छापील आहे ते. तिला कळत नसेल का? चाळीस वर्षं माझ्या घरात आहे ती, मी दुधात पाणी घातलं तरी वासानं ओळखते. पण तिनं तसं काही दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. घडी घालून परत उशाखाली ठेवलं आणि म्हणाली, "उद्या परत वाचा."

मला आता नवं काही सुचत नाही रे. जे सुचलं ते सगळं तुझ्या नावानं वाचून झालं.

येळवस १९ तारखेला आहे. प्रतिज्ञापत्राचा कागद सोबत जोडलाय, तो कर, त्याशिवाय जागा राहत नाही. पण ते होईल तेव्हा होईल. आधी एका कार्डावर चार ओळी लिही. मी वाचलं तेच लिहिलंस तर मी खोटा ठरणार नाही. वेगळं लिहिलंस तरी चालेल, मी तसं वाचीन. रागाचं असलं तरी वाचीन. फक्त तुझ्या हातचं असू दे आणि लवकर टाक, पोस्टाला नांदेडहून चार दिवस लागतात.

वाट पाहत,
नागप्पा